देखावे उतरवा, पडदा राहू द्या

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ज्यांना दारात उभं करत नाही अशी धडधाकट मशीनं सांगली-मिरजेत जिकडेतिकडे दिसू लागली. शाळेच्या लॅबमध्ये, वाचनालयात, पतसंस्थेच्या काउंटरवर, मार्केट यार्डातल्या अडत दुकानात. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे लुबुंटू नाहीतर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची एखादी आवृत्ती, टाकून ती पुन्हा कामाला लावायची खटपट बरेच जण करताहेत, मीही त्यातलाच एक. काम चांगलं आहे. पण या मंडळींत सध्या स्क्रीनसेव्हरवरून, म्हणजे मशीन रिकामं पडलं की स्क्रीनवर आपोआप सुरू होणाऱ्या देखाव्यावरून, जे भांडण चाललंय ते ऐकून डोकं धरावंसं वाटतं. एका गटाचं म्हणणं, हे मागच्या शतकातलं खूळ आहे, विजेची नासाडी आहे, त्याचं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा गठ्ठाच, उडवून टाका. दुसरा गट म्हणतो, त्याने स्क्रीन टिकते, पोरांना मजा वाटते, आणि चार वॅटने महावितरण बुडणार आहे का? दोघंही तावातावाने बोलतात, दोघांनीही वॅट मोजलेले नसतात, आणि देखावा दाखवणं, मॉनिटर झोपवणं आणि स्क्रीनला कुलूप लावणं या तीन निरनिराळ्या कामांचं एकच गाठोडं करून ते इकडून तिकडे ओढणं चालू असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वीज वाचवण्यासाठी म्हणून बसवलेल्या हलक्या डेस्कटॉपवर हलती चित्रं दाखवणारा स्क्रीनसेव्हर आपोआप चालू होता कामा नये. कोणाला हवा असेल त्याने मागून घ्यावा. पण तो काढायच्या भरात स्क्रीनला कुलूप लावायची, म्हणजे परत येणाऱ्याला पासवर्ड विचारायची, सोयही उपटली जाणार असेल, तर मग त्यापेक्षा नाचणारी चित्रं परवडली. आणि आपल्याकडे नेमकं तेच चाललं आहे.

हे खूळ मुळात खूळ नव्हतं, एवढं तर मान्य करावंच लागेल. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये आतून फॉस्फरचा लेप असायचा. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने तो उजळतो आणि झिजतोही. एकच चित्र तासन्‌तास त्याच जागी राहिलं की तिथला लेप आजूबाजूपेक्षा लवकर झिजतो, आणि मग मॉनिटर बंद केला तरी मेनूची ओळ काचेवर भुतासारखी दिसत राहते. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम १९८३ च्या डिसेंबरमध्ये 'सॉफ्टटॉक' मासिकात छापून आला. गंमत अशी, की त्या पहिल्यावहिल्या स्क्रीनसेव्हरमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. तीन मिनिटं कोणी की दाबली नाही की स्क्रीन काळी, बस्स. पंख लावून उडणारे टोस्टर आले ते १९८९ मधल्या 'आफ्टर डार्क'नंतर. विंडोजचे ते वळत जाणारे त्रिमितीय पाइप आले, कारण मायक्रोसॉफ्टला ओपनजीएल या त्रिमितीय चित्रं काढायच्या तंत्राची करामत चारचौघांना दाखवायची होती. म्हणजे देखावा हा मागाहून चिकटलेला भाग. आणि तो चिकटतो न चिकटतो तोच त्याच्याखालची जमीन सरकली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एनर्जी स्टारचा शिक्का काढला आणि तो सर्वांत आधी लागला कॉम्प्युटर आणि मॉनिटरला. १९९३ मध्ये व्हेसा या स्क्रीनची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डीपीएमएसची पद्धत ठरवून दिली, म्हणजे कॉम्प्युटरने मॉनिटरला 'आता झोप' असं सांगायचं आणि मॉनिटरने ते ऐकायचं. मॉनिटरच झोपू शकत असेल, तर काच वाचवायला चित्र हलवत ठेवायचं कारण काय उरलं? तीस वर्षं झाली, हा प्रश्न सुटलेला आहे. आपण त्यावर आज भांडतोय.

आता विजेचं बघू, कारण दोन्ही गटांची सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. जुना १७ इंची काचेचा मॉनिटर ७०-८० वॅट खायचा. आज लॅबमध्ये असतो तो साडेअठरा इंची एलईडी मॉनिटर १८ वॅटच्या आसपास घेतो आणि झोपला की अर्ध्या वॅटवर येतो. पण 'झोपला' आणि 'काळा दिसतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो, पुढची पिक्सेलं फक्त तो अडवतात. त्यामुळे नुसता काळा देखावा लावून वीज वाचवली असं समजणारा माणूस पूर्ण १८ वॅट भरून अंधार विकत घेत असतो. वीस मशीनांची एक लॅब धरा, रोज तीन तास कोणी हात न लावता मशीनं चालू आहेत असं धरा. मॉनिटर झोपवले तर दिवसाला साधारण एक युनिट वाचतं. हलती चित्रं बंद केली आणि त्यामुळे प्रत्येक मशीनमागे पंधरा वॅट कमी झाले असं मानलं, तर ०.९ युनिट. आणि मशीनच सस्पेंड केलं, म्हणजे अख्खं झोपवलं आणि चाळीसचे दोन वॅट झाले, तर सव्वादोन युनिटांच्या वर. शाळेचे २२० दिवस धरले तर एकट्या सस्पेंडचे पाचशे युनिट होतात. आकडे मशीनगणिक बदलतील, पण कुठलं मोठं आणि कुठलं लहान हे बदलणार नाही. मग जे लोक विजेच्या नावाने स्क्रीनसेव्हर उडवतात आणि त्याच दमात 'प्रोजेक्टर लावला की मध्येच स्क्रीन जाते' म्हणून डीपीएमएस आणि सस्पेंडही बंद करून ठेवतात, त्यांना काय म्हणावं? असा डेस्कटॉप दिवसभर लख्ख उजेड पाडत बसतो. कोपऱ्यातला दिवा मालवून दिवाणखान्यातलं झुंबर चालू ठेवायचं, आणि वर आम्ही काटकसर केली म्हणून सांगायचं!

पंधरा वॅट म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांनाही थोडं सुनावतो. ही मशीनं कोअर टू ड्युओच्या जमान्यातली. यांच्यावर त्रिमितीय देखावा सुरू झाला की बऱ्याचदा ग्राफिक्सचं ओझंही प्रोसेसरवरच येतं, पंखा घोंघावायला लागतो आणि रिकाम्या लॅबमध्ये गिरणी चालू असल्याचा भास होतो. त्यातून लाईट गेली की सगळा भार यूपीएसवर. त्या म्हाताऱ्या बॅटरीत जी काही दहा मिनिटं शिल्लक असतात, ती मुलांच्या फाइली सेव्ह करायला हवी असतात. ती पाइप वळवण्यात घालवायची का?

विरोधी बाजूचे भक्कम मुद्दे मात्र टाळून चालणार नाही. पहिला ओलेड या नव्या प्रकारच्या पडद्याचा. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः झिजतो, म्हणजे तो जुना भुताचा प्रश्न परत आला आहे. खरं आहे. पण अशा पडद्यांत झीज सावरायची जी आतली दुरुस्ती असते, ती पडदा झोपल्यावर चालते. म्हणजे ओलेडलाही हवी आहे ती झोप. आणि तसंही, सांगलीतल्या कुठल्या शाळेच्या लॅबमध्ये ओलेड लावलेत?

दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. रिकामा वेळ कामी लावायचा. १७ मे १९९९ ला बर्कलीच्या विद्यापीठातून सुरू झालेलं सेटी ॲट होम आठवतं का? परग्रहावरून काही संदेश येतोय का, याचा रेडिओ दुर्बिणीतला डेटा घरोघरच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनसेव्हर म्हणून तपासला जायचा. लाखो लोकांनी हौसेने मशीनं दिली. स्क्रीनसेव्हरच्या इतिहासात इतका उदात्त उपयोग दुसरा नाही. पण त्यामागचं गणित त्या काळाचं होतं. तेव्हाचा प्रोसेसर काम असो-नसो, जवळपास तेवढीच वीज खायचा, त्यामुळे मोकळा वेळ खरोखरच फुकटात मिळत होता. पुढे प्रोसेसर रिकामे असताना झोपायला शिकले, आणि मग 'मोकळा वेळ' वापरायचा म्हणजे नवी वीज जाळायची असा अर्थ झाला. सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० ला नवं काम वाटणं थांबवलं. ज्याला आजही विज्ञानासाठी वीज द्यायची आहे त्याने जरूर द्यावी, पण ते दान आहे आणि दान बिल भरणाऱ्याने स्वतःच्या इच्छेने करायचं असतं. शाळेच्या मीटरवर परस्पर नाही.

तिसरा मुद्दा मुलांच्या मजेचा. याला हसणाऱ्यांनी एक्सस्क्रीनसेव्हर, म्हणजे लिनक्सवरचा देखाव्यांचा आणि कुलपाचा प्रोग्रॅम, उघडून बघितलेला नसतो. प्रोग्रॅमर जेमी झविन्स्की १९९२ पासून तो सांभाळतात, आणि त्यात दोनशेच्या वर देखावे आहेत. पेनरोझच्या फरश्या आहेत, हिल्बर्टचा वक्र आहे, गणिताच्या तासाला फळ्यावर काढता येणार नाहीत अशा गोष्टी डोळ्यांसमोर घडताना दिसतात, आणि सगळ्याचा सोर्स कोड मोकळा. हे मोलाचं आहे यात वाद नाही. पण मग मला सांगा, इतकी सुंदर गोष्ट रिकाम्या खुर्चीपुढे कशाला दाखवायची? स्क्रीनसेव्हर सुरू होतो तोच मुळी समोर कोणी नाही म्हणून. यातला प्रत्येक देखावा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, साध्या खिडकीत चालतो. आठवीच्या वर्गाला समोर बसवा, हिल्बर्टचा वक्र चालू करा, त्यातला एक आकडा बदलून काय होतं ते दाखवा. पोरं तास संपला तरी उठणार नाहीत. मजेची बाजू घेणाऱ्यांनी मजेसाठी ही तसदी कधी घेतल्याचं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

चौथा मुद्दा कोणत्याच गटाच्या तोंडी येत नाही, आणि मला तो सर्वांत जड वाटतो. काळी स्क्रीन बघितली की माणूस मशीन बंद आहे असं समजतो. मग काय करतो? बटण दाबतो. काही झालं नाही असं वाटलं की दाबून धरतो. चार-पाच सेकंदांत चालू मशीन खाडकन बंद, फाइल अर्धवट, डिस्कवर लिहिणं अर्धवट. असं तीन-चारदा झालं की एका सकाळी काळ्या पडद्यावर 'बिझीबॉक्स' आणि 'इनिट्रॅमएफएस' असली पांढरी अक्षरं उमटतात, आणि गुरुजींचा फोन येतो, "ओ सर, तुमचं लिनक्स गेलं की!" लिनक्स गेलेलं नसतं, दोन ओळींची डिस्क तपासणी केली की येतं. पण शाळेच्या मनातून ते गेलेलं असतं, आणि तो घाव एका देखाव्याच्या विजेपेक्षा महाग पडतो. हलतं चित्र दिसत असेल तर कोणी बटणाला हात लावत नाही, हे खरंच. तरीही मशीन जिवंत आहे एवढं कळवायला दिवसभर अठरा अधिक पंधरा वॅट जाळणं मला पटत नाही. पॉवरच्या बटणाला 'काही करू नको' असं सेटिंग करता येतं, ते केलं की हलक्या दाबाने काही बिघडत नाही. दाबून धरण्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही, तिथे मॉनिटरच्या कडेला 'आधी माउस हलवा' अशी चिठ्ठी चिकटवावी लागते. पोरं दोन दिवसांत शिकतात. शिक्षकांना आठवडा लागतो.

आता कुलपाकडे येतो. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथेच संस्थानिकांपुढे पहिला खेळ केला. पुढे कंपनी नाटकांच्या वैभवाच्या काळात रंगवलेल्या पडद्यांना कोण मान होता! राजवाडा, उपवन, रस्ता, एकेका पडद्याला टाळ्या पडायच्या. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांसारखे कलावंत ते रंगवायचे. मग विजेचे दिवे आले, १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने वास्तववादी नेपथ्य आणलं, आणि रंगवलेले पडदे हळूहळू अडगळीत गेले. हळहळ वाटली तरी ते जाणं रास्त होतं, कारण त्यांचं काम दुसऱ्या कशाने तरी जास्त चांगलं होऊ लागलं होतं. पण त्या भरात कोणी दर्शनी पडदा काढून टाकला का? तो राहिला, कारण मागे काय चाललंय ते वेळेआधी प्रेक्षकाला दिसू न देणं हे त्याचं काम संपलेलं नव्हतं. स्क्रीनसेव्हरच्या पॅकेजमध्ये हे दोन्ही एकत्र बांधलेले आहेत, आणि आपले हलकेपणाचे भक्त दोन्ही एकाच ट्रकात घालताहेत.

लुबुंटूत लॉकचं काम एक्सस्क्रीनसेव्हरच करतो. तो 'फालतू' म्हणून उडवला की देखावे जातात आणि सोबत कुलूपही. शाळेत याने फारसं बिघडत नाही, तिथे सगळ्यांचं लॉगिन एकच असतं आणि लॉक झालं तर उलट पासवर्डसाठी सरांना शोधत फिरावं लागतं. पण पतसंस्थेत? दुपारी चहाला ऑपरेटर उठतो, काउंटरवर सभासदाचं कर्जखातं उघडं, थकबाकीसकट. रांगेत पुढे उभा असलेला त्याचाच व्याही असतो. अडत दुकानात हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या स्क्रीनवर तशाच, कोणत्या शेतकऱ्याला काय दर लागला ते येणारा-जाणारा वाचतोय. अशाच एका दुकानात मी पाच मिनिटांचं लॉक लावून दिलं, तर मालक म्हणाले, "ओ साहेब, बिल मी भरतो की, राहू द्या स्क्रीन चालू." त्यांना वाटलं मी त्यांच्या लाईटबिलाची काळजी करतोय. चूक त्यांची नाही, या विषयावर आपण गावभर फक्त बिलाचंच बोलत आलो.

आणि कुलूप म्हणजे दिसायला सोपं पण करायला नाजूक प्रकरण आहे. एक्स११ या लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या जुन्या पद्धतीत लॉक हा साधा एक प्रोग्रॅम असतो, वर झाकण म्हणून बसलेला. तो कोसळला की खालचा डेस्कटॉप सताड उघडा. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंट या आणखी एका लिनक्स आवृत्तीच्या सिनॅमन डेस्कटॉपवर हे घडलं. एका गृहस्थांच्या मुलांनी खेळ म्हणून खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड एकदमच बडवला, लॉक कोसळलं आणि वडिलांचं मशीन मुलांच्या हातात. मिंटने दुरुस्ती लगेच केली, पण लॉक जितकं सजवाल तितकं ते ठिसूळ होतं, हे झविन्स्की कित्येक वर्षं ओरडून सांगत होते. त्यांच्या रचनेत म्हणूनच कुलूप वेगळं आणि देखावा वेगळा, एखादं चित्र गंडलं तरी कुलूप हलत नाही. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये पॅकेजंही वेगळी आहेत, मुख्य प्रोग्रॅम एका ठिकाणी, चित्रांचे गठ्ठे दुसऱ्या ठिकाणी. शिवाय 'फक्त काळा पडदा' असा पर्याय त्यात आहे. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण हमरीतुमरीवर आलोय ती वाटणी करणाऱ्याने आधीच करून ठेवली आहे, कोणी उघडून बघत नाही इतकंच. ग्नोम या डेस्कटॉपने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत देखावे काढले, कुलूप ठेवलं. एक्सएफसीई तर हलकेपणाची शपथ घेतलेला डेस्कटॉप, पण त्यांनी २०१८ मध्ये स्वतःचा नवा स्क्रीनसेव्हर काढला. एवढ्या उशिरा त्यांना काय उडत्या टोस्टरची हौस आली होती? एक्स११ ची जागा घेणाऱ्या वेलँडच्या नव्या पद्धतीत लॉकचा प्रोग्रॅम कोसळला तरी पडदा बंदच राहील अशी सोय झाली आहे, ती चांगलीच आहे, पण आपण जी मशीनं हाताळतो त्यांतली बरीचशी अजून एक्स११ वर आहेत.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो वरवर फार उदार वाटतो. ज्याचं मशीन त्याला ठरवू द्या, तुम्ही कोण सांगणार? घरच्या मशीनवर मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण लॅबमधल्या वीस मशीनांचं सेटिंग कोण उघडतं? कोणीही नाही. पहिल्या दिवशी जे असतं तेच मशीन भंगारात जाईपर्यंत राहतं. तिथे 'ज्याचं त्याने ठरवावं' म्हणणं म्हणजे बसवणाऱ्याच्या आळसाला धोरण म्हणणं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. तिथेही हे ज्याच्या त्याच्यावर सोडता आलं असतं आणि काहीच झालं नसतं. गावाने ठरवलं, वेळ ठरवली, भोंगा बसवला. ज्याला सातनंतर तातडीचा फोन करायचा असेल त्याचे हात कोणी बांधले नाहीत. आणि टीव्ही चालूच ठेवा, फक्त त्यावर फुलपाखरं उडू द्या, अशी तडजोड तिथे कोणी सुचवल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून माझी मागणी बसवणाऱ्यांकडे आहे, वापरणाऱ्यांकडे नाही. एक्सस्क्रीनसेव्हर असेल तर तो राहू द्या, मोड 'फक्त काळा पडदा', चित्रांची जादा पॅकेजं काढा. मॉनिटर पाच मिनिटांत झोपावा. लॅबमध्ये लॉक नको पण वीस मिनिटांनी सस्पेंड हवा. पतसंस्थेत आणि दुकानात पाच मिनिटांत लॉक, आणि सस्पेंड करण्याआधी त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यातून नीट उठतात का ते स्वतः बसून बघा, कारण काही जुनी मशीनं झोपतात ती उठतच नाहीत आणि मग सगळा दोष लिनक्सच्या माथी येतो. प्रोजेक्टरसाठी पॅनेलवर झोप थांबवायचं चिन्ह ठेवा आणि ते सरांना दोनदा दाबून दाखवा. हे सगळं मशीन ताब्यात देताना जो कागद आपण सही करून घेतो त्यावर लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा कोणी उत्साही तरुण येऊन 'हे कशाला ठेवलंय' म्हणत पॅकेज उडवायला निघाला, तर मुख्याध्यापकांच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.